अंबाडीचा पाय

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा डावा पाय माझ्या प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यावर होता आणि सर स्वतः शेजारच्या स्टुलावर बसून काट्यावरचा आकडा वाचत होते.

तंत्रनिकेतनातला माझा पहिलाच दिवस. रसायनशास्त्राची, तासिका तत्त्वावरची नोकरी. राळेगावहून सकाळची एसटी पकडून यवतमाळला आलेली, हातात डबा आणि छत्री तशीच. मी दारात थबकले. स्टुलावरच्या माणसाच्या पॅन्टचा एक पाय गुडघ्याखाली रिकामा लोंबत होता.

"या मॅडम, या. भेऊ नका. पाय माहाच हाय," ते म्हणाले. "पानी पेला का नाई, थे पाहून राह्यलो."

"कोण पाणी प्यालं?"

"पाय," ते अगदी सहज म्हणाले आणि पाय उचलून, पट्टे आवळून, मला नमस्कार करून निघून गेले. प्रयोगशाळेत उग्र वास मागे राहिला आणि माझ्या मानेला कारण नसताना खाज सुटली. सरांच्या बाबतीत माझा जो गोंधळ त्या दिवशी सुरू झाला, तो अजून पुरता संपलेला नाही.

खाजेचं कारण मात्र लवकर कळलं. सर आमच्याकडे मेकॅनिकल शिकवत. त्यांचा पाय गुडघ्याखालून गेलेला होता. खालचं रबरी पाऊल ते नागपूरहून आणत. पण गुडघा आणि पाऊल यांच्यामधली पोकळ नळी, जिच्यात पायाचा उरलेला भाग बसतो, ती ते स्वतः बनवत. प्लास्टरच्या साच्यावर आधी काचतंतूंची चटई. ऑटोरिक्षाच्या टपात आणि पाण्याच्या टाकीत असते तीच. त्यावर अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे तिच्या खोडाच्या धाग्यांचा थर, पुन्हा काच, आणि प्रत्येक थराला ब्रशने चोपडलेलं रेझिन. वाळून टणक झालं की पाय तयार. काचेचा भुगा त्यांच्या कपड्यांत असे. ते ज्या खुर्चीवर बसून गेले त्या खुर्चीवर दुसरा माणूस दहा मिनिटंही स्वस्थ बसू शकत नसे. आमच्या स्टाफरूममध्ये सरांची खुर्ची वेगळी होती आणि तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

आता काच मजबूत आहे, पाणी पीत नाही, बाजारात मिळते. मग मध्ये अंबाडी कशाला? मी हे विचारलं तेव्हा सर माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत राहिले.

"मॅडम, काच मोडते तवा सांगत नाई. चांगली उभी असते, अन कडाडकन जाते. वाख तसा नाई. वाखाले जोर पडला का थो कुरकुरते. चार दिवस आंधी सांगते, बाबा, मी दमलो."

"मग नुसती अंबाडीच वापरा ना."

"अन पान्याचं काय? पावसायात फुगन अन भाजीसारखी शिजन." ते हसले. "तुमी नुसत्या मिठाचं वरन खाता काय? का बिगर मिठाचं खाता?"

मला पटलं असं वाटलं, आणि घरी जाईपर्यंत पुन्हा पटेनासं झालं. कारण मिसळूनही सरांचे पाय टिकत नव्हतेच. दर काही महिन्यांनी थरांमध्ये पापुद्रा सुटायचा, वरची कड फाटायची. सर नवा पाय बनवायचे. जुने पाय त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीला ओळीनं टांगलेले असत. नवीन पोरं पहिल्या दिवशी ते बघून चळाचळा कापत.

अंबाडी ओल धरते आणि रेझिनला ओलीचं वावडं, त्यामुळे दोघांचं जमत नाही, एवढं मला कळत होतं. वाख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून काढला तर त्याच्या अंगावरचा मेणचट थर जातो आणि रेझिन जरा घट्ट धरतं. ते पाणी करून द्यायचं काम सरांनी न विचारताच माझ्याकडे दिलं. धुतलेला वाख आम्ही गच्चीवर वाळत घालायचो. एकदा वानरांच्या टोळीनं तो उचलून नेला. एक भलं मोठं वानर पिवळा वाख डोक्यावर घेऊन प्राचार्यांच्या गाडीवर बसलं होतं. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "सर, मले नोटीस द्या, पन पयले वाख उतरवून घेऊ द्या."

अंबाडी ते घराच्या मागच्या वावरात स्वतः पेरत. त्यांच्या बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, त्यांचा करार होता: पानं काकूंची, खोड सरांचं. काकू पानांची भाजी करत, फुलांची चटणी करत आणि खोडं सडवण्यासाठी सर अंगणातला हौद अडवत. सडलेल्या अंबाडीचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना शेजाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. काकूंनी एकदा मला वाढता वाढता सांगितलं, "लग्न झालं तवा लोक म्हने, पोरीले लंगडा नवरा देल्ला. मी म्हटलं, लंगडा चालन. पन ह्या मानसाच्या घरात दहा पाय निंगन, हे कोनं सांगतलं होतं?"

मग हा पाय लग्नाआधीच गेला होता तर. मला वाटलं, चला, एक गोष्ट तरी नक्की झाली. कारण सरांचा पाय कसा गेला याची प्रत्येकाजवळ वेगळी हकिकत होती. शिपायाला त्यांनी थ्रेशरची सांगितली होती. प्राचार्यांना ट्रकची. पहिल्या वर्षाच्या पोरांना झरीच्या जंगलातल्या अस्वलाची, आणि ती इतकी रंगवून की एका पोरानं रडायला सुरुवात केली. मला काहीच सांगितलं नव्हतं. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले इहिरीची सांगतली होती. आता इतकी वर्सं झाली, कायले इचारू?"

दरवर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सर नवा पाय घालून चालत. ती त्यांच्या दृष्टीनं खरी परीक्षा. यवतमाळचं एप्रिलचं ऊन, निळ्या झेंड्यांची गर्दी, डीजेचा दणदणाट, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले सर घामाघूम होऊन चालताहेत. चौकात कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला की ते थोडं पाणी स्वतः पीत आणि उरलेलं पायावर ओतत. लोकांना वाटे, म्हातारा उन्हानं बिघडला. एका वर्षी मिरवणूक मध्यावर असताना पायाची कड सुटली. पोरांनी त्यांना उचलून ट्रकवर बसवलं. सर ट्रकवरून लोकांना हात हलवत राहिले आणि दुसऱ्या हातानं, मांडीवर पाय उलटा धरून, थर कुठे सुटलेत ते बघत राहिले. खालून मी ओरडले, "सर, लागलं का?" ते वरून ओरडले, "मॅडम, वरूनच फाटला! काठानं! घाम काठातून शिरते!" त्यांचा चेहरा असा फुलला होता, की कोणालाही वाटावं यांना आजच बढती मिळाली.

मध्यंतरी गावात अपंगांसाठी शिबिर झालं. फुकट पाय मिळणार होते आणि ते चांगले, हलके, तपासलेले होते. सरांनी रांग लावली, माप दिलं, पाय घेतला आणि आणून वर्कशॉपच्या खुंटीला टांगला. त्याच्यावर पोरं छत्र्या अडकवत.

मी रागावले. म्हटलं, "सर, दुसऱ्या कुणाला तरी कामी आला असता."

"दुसऱ्याच्या मापाचा नाई ना थो."

"मग तुम्ही तरी घाला. तो चांगला आहे."

"म्हनूनच टांगला. चांगल्या पायात शिकासारखं काही नाई."

हा हट्ट होता, विज्ञान होतं की नुसता तऱ्हेवाईकपणा, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

मग जंगूबाई आली. झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, पस्तिशीची असेल. दोन एसट्या बदलून, कुबडी टेकत, भावाला बरोबर घेऊन आली. आमच्या पोरांनी पाय तोलणाऱ्या सरांचा व्हिडिओ काढून मोबाइलवर पसरवला होता, आणि तो कोणीतरी बसमध्ये तिला दाखवला होता. परड, म्हणजे घोणस, चावून तिचा पाय गेला होता. आधी एका शिबिरात मिळालेला पाय आता सैल झाला होता, आणि ते शिबिर पुन्हा आलं नव्हतं.

"मले रानात जायाचं हाय," ती म्हणाली. "भावाच्या घरी बसून भाकर गोड लागत नाई."

सर एकदम भडकले. मी त्यांना इतकं रागावलेलं पाहिलं नव्हतं. "मी डाक्टर नाई! मास्तर हाव! माह्या पायावरून मी पडलो त मी पडलो. तुमी पडल्या त मी कोनाले तोंड दाखवू? जा, नागपूरले जा!"

जंगूबाई गेली नाही. वर्कशॉपच्या पायरीवर बसली. पोरं तिच्या बाजूनं ये-जा करत राहिली. जेवणाच्या सुट्टीत मी तिला डब्यातली भाकर दिली, ती तिनं भावाबरोबर वाटून खाल्ली. दुपारी सर हात धुवायला बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "सर, तुमचा कसा गेला जी?"

मी कान टवकारले. सर नळ चालू ठेवून तसेच उभे राहिले.

"मालूम नाई," ते म्हणाले. "इतक्या जनाले इतक्या कहान्या सांगतल्या, का आता खरी कोनती, थे मलेच समजत नाई. इहिरीची असन. नाई त ट्रकची असन."

जंगूबाई हसली. मागोमाग तिचा भाऊ हसला. सरही हसले. मग त्यांनी नळ बंद केला आणि मला म्हणाले, "मॅडम, पिलॅस्टर भिजवा."

तिचा पाय त्यांनी फार जिवापाड केला. वाख धुवायचं पाणी मी करताना ते माझ्या डोक्याशी उभे. बाहेरून काच, आत अंबाडी, पुन्हा काच. वरची कड घासून तिला रेझिनचे तीन हात. तिनं तो घालून कॉरिडॉरमध्ये फेरी मारली, तेव्हा अख्खा वर्ग दारांत उभा होता.

पावसाळाभर सर वेगळेच झाले. आठवड्यातून एकदा भावाला फोन. भाऊ म्हणे, "पाय मस्त हाय सर, जसाचा तसा." सर फोन ठेवून आनंदानं येरझारा घालत, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा पडत जाई. कारण त्याच वाखाचा, त्याच काचेचा त्यांचा स्वतःचा पाय त्या पावसाळ्यात दोनदा उकलला होता.

"तिचा काहून टिकते अन माहा काहून नाई?" हा त्यांचा जप झाला. तिचं वजन कमी म्हणून? तिला घाम कमी येतो म्हणून? शेवटी त्यांचा संशय माझ्यावर आला. "मॅडम, तुमच्या हातून थ्या दिवशी काहीतरी येगळं झालं."

"सर, मी नेहमीसारखंच पाणी केलं होतं."

"झालं असन ना. चांगलं येगळं झालं. तुमच्या ध्यानात नसन."

मी न केलेल्या चुकीबद्दल माझं कौतुक चाललं होतं. रोज ते ऐकून मलाही वाटायला लागलं, की आपण काहीतरी वेगळं केलं असावं. रात्री आडवं पडल्यावर मी सोड्याची मापं आठवत बसायची.

दिवाळीनंतर आम्ही तिच्या पोडावर गेलो. सरांना तिचा पाय तोलायचा होता. माझ्या प्रयोगशाळेतला काटा टॉवेलात गुंडाळून सरांनी बसमध्ये मांडीवर घेतला. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय जी?" सर म्हणाले, "लेकरू." कंडक्टरनं लेकराचं तिकीट मागितलं नाही. शेवटच्या थांब्यापासून पुढे पायवाट. सागाची पानं वाळून खाली पडली होती, त्यांचा चुरचुर आवाज, आणि त्यात मिसळलेला सरांच्या पायाचा.

जंगूबाई घरातून बाहेर आली. कुबडीवर.

सर तिच्या लुगड्याच्या काठाकडे बघत राहिले. "पाय कुठी हाय?"

तिनं आत बोट दाखवलं. कुडाच्या भिंतीला, देवाच्या शेजारी, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात पाय गुंडाळून टांगला होता. फडकं सोडलं. त्याला मातीचा कणसुद्धा लागलेला नव्हता. सरांनी तरी काटा काढला आणि पाय तोलला. वजन बनवला तेव्हा होतं तेवढंच.

पावसाळाभर ज्या पायानं सरांची झोप उडवली होती, तो भिंतीवरून फारसा उतरलाच नव्हता. मला हसू येत होतं आणि रडूही.

"घालत नाई?" सरांनी विचारलं.

"घालतो ना जी. बजाराले जातो तवा. आलो का पुसून ठेवतो."

"अन रानात काहून नाई?"

तिनं भावाकडे पाहिलं. दोघं कोलामीत काहीतरी बोलले, ते आम्हाला कळलं नाही. मग ती म्हणाली, "बोलते थो."

"बोलते म्हंजे?"

"नेला होता जी पयले. कुरकुर करते. हरेक पावलाले."

सरांचा चेहरा उजळला. "मंग थेच त चांगलं हाय, बाई! मोडाच्या आंधी सांगते थो. काचेचा सांगत नाई. याच्याच साठी त अंबाडी घातली!"

"सर," जंगूबाई म्हणाली, "रानात गेलं का मी पान पाहू का पाय आयकू? दिवसभर थो म्हनते, मोडतो, मोडतो. मोडत त नाई. मंग मी रोज किती भेऊ?"

सर ओट्यावर बसले. काकूंनी दिलेला डबा उघडायचं त्यांना सुचलं नाही. जंगूबाईच्या भावजयीनं कोरा चहा दिला, तो त्यांच्या हातात गार झाला. ज्या गुणासाठी त्यांनी आयुष्यभर अंगणातला हौद अडवला, त्याच गुणाला ती बाई भीत होती. आणि तिचं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी काटा पुन्हा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मॅडम, माहा पाय तुमाले आयकू येते काय?"

"येतो ना सर. तुम्ही जिन्यात असलात तरी स्टाफरूममध्ये कळतं."

"तुमाले भेव लागते?"

"नाही," मी म्हटलं. "पण पाय माझा नाही ना, सर."

त्या हिवाळ्यात त्यांनी जंगूबाईला नुसत्या काचेचा पाय करून दिला. गप्प बसून, कोणाशी न बोलता केला. वरून अंगाच्या रंगाचा रंगही दिला, जो ते स्वतःच्या पायाला कधी देत नसत. तो पाय मुका होता. जंगूबाई खूश झाली. रोज रानात जाऊ लागली, मोहफुलं वेचली, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला निघाली.

भावाचा फोन मला आला. सर फोन उचलत नव्हते. पत्त्याचा भारा डोक्यावर घेऊन उतरणीवर असताना पाय घोट्याच्या वरून एकदम मोडला होता. आधी आवाज नाही, सूचना नाही. जंगूबाई दगडांवर पडली आणि तिचं मनगट मोडलं.

मी वर्कशॉपमध्ये जाऊन सांगितलं. सरांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मी म्हटलं होतं," असं ते म्हणतील अशी मला भीती होती. ते म्हणाले नाहीत.

मोडलेला पाय भावानं आणून दिला. मी तो खिडकीशी धरून पाहिला. घोट्याजवळ काचेच्या चटईत एक पांढरट डाग होता. तिथे रेझिन मुरलंच नव्हतं. वर रंग असल्यामुळे तो कोणाला दिसला नाही. "सर, हे काचेमुळे नाही," मी म्हटलं. "हे हाताचं काम कमी पडलंय."

"नाराजीनं बनवला ना मी," सर म्हणाले. "काम करून राह्यलो होतो, पन मन तिथी नव्हतं. नाराजीचा पाय थो."

रसायनशास्त्रात नाराजीला कुठे जागा आहे, मला माहीत नाही. काच हरली, अंबाडी जिंकली, की दोन्ही नाही आणि सरच हरले, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आलं नसतं.

त्यानंतर सरांनी खुंटीवरचा शिबिरातला पाय काढला, पुसला आणि घातला. मागच्या वावरात त्या वर्षी अंबाडी पेरली नाही. हौद रिकामा झाला, काकूंनी त्यात पाणी भरलं. सर कॉलेजात अगदी सरळ, बिनआवाजी चालत येत. ते मागे येऊन उभे राहिले तरी आम्हाला कळत नसे, आम्ही दचकत असू. पोरं वर्गात दंगा करताना पकडली जाऊ लागली. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची कोणालाही बसण्याजोगी झाली, तरी कोणी बसलं नाही. एकदा काकू बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "घर कसं गपगार झालं, पोरी. मले त सुदरतच नाई."

पावसाळा संपता संपता जंगूबाई आली. मनगट बरं झालं होतं, जरा वाकडं बसलं होतं. मी तिला घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. सर तिच्या मनगटाकडे बघत होते, तोंडाकडे नाही.

"सर," ती म्हणाली, "मले थो बोलनाराच द्या."

सरांनी कानस उचलली आणि परत ठेवली.

"पन थोडा कमी बोलनारा."

"कमी म्हंजे किती?"

"तुमाले मालूम."

"मले नाई मालूम!" सर ओरडले. वर्कशॉपमधली पोरं हातातलं काम टाकून बघायला लागली. "आता मले काहीच मालूम नाई, बाई! काच घातली त तू पडली. वाख घातला त तू भ्याली. आता किती वाख अन किती काच, मी कोनाले इचारू?"

जंगूबाईनं पहिल्यासारखीच पायरी धरली. ती बसली म्हणजे बसली, हे आम्हाला आता माहीत होतं.

सर जरा वेळानं उठले. उरलेला जुना वाख काढला. मग सुरू झाला आमच्या तंत्रनिकेतनातला सगळ्यात चमत्कारिक आठवडा. सरांनी काचेच्या आणि अंबाडीच्या कमीजास्त थरांच्या पट्ट्या केल्या आणि दिसेल त्याच्या कानाशी धरून वाकवायला सुरुवात केली. "आयकू आलं काय? भेव वाटलं काय?" शिपायाला तिसरी पट्टी बरी वाटली. प्राचार्य म्हणाले, मला ऐकूच येत नाही. लायब्ररीतल्या बाईंना सगळ्याच पट्ट्यांची भीती वाटली. मी एकच पट्टी दोनदा ऐकून दोन वेगळी उत्तरं दिली आणि सरांनी मला घालवून दिलं. जंगूबाई त्या आठवड्यात काकूंकडेच राहिली. तिनं सगळ्या पट्ट्या डोळे मिटून ऐकल्या आणि एक बाजूला काढली. त्या पट्टीत अगदी मधोमध वाखाचा एकच पातळ थर होता.

"हे काहून?" सरांनी विचारलं.

"असंच," ती म्हणाली.

त्या मेळाचा पाय झाला. या वेळी रंग नाही दिला, आतलं सगळं उजेडात धरलं की दिसत होतं. ती तो घालून गेली. पुढच्या उन्हाळ्यानंतर दाखवायला आली तेव्हा पायाला चरे पडले होते, घोट्याला चिखल सुकलेला होता, एके ठिकाणी काहीतरी आपटून खोक पडली होती. सर त्या चऱ्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिले. असा वापरलेला पाय त्यांनी जन्मात पाहिला नसावा. त्यांचे स्वतःचे सगळे पाय फाटलेले होते, वापरून झिजलेला एकही नव्हता.

मग सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात भाषण करायला उभे राहिले, "मी इतकी वर्सं इथी काय केलं" असं म्हणाले, आठवायला थांबले आणि आठवलंच नाही म्हणून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी अजून तिथेच आहे, तासिका तत्त्वावरच. सुट्टीच्या दिवशी कधीतरी काकूंकडे जाते. मागच्या महिन्यात गेले तर अंगणात पाहुणे. जंगूबाई आली होती आणि तिच्याबरोबर तिच्या पोडावरचा एक म्हातारा, एका पायाचा, दोन्ही हातांनी काठी धरून खाटेच्या कडेला बसलेला.

"सर, याचाबी बनवा," जंगूबाई म्हणत होती.

"मी काय दुकान टाकलं काय?" सर ओरडत होते. "मी रिटायर झालो! मले डोयानं दिसत नाई! अन मले अजून समजलं नाई काही!" असं म्हणत म्हणत त्यांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. काकूंनी मला खुणेनं बादली दाखवली. मी ती भरून आणली.

सर म्हाताऱ्यासमोर स्टूल ओढून बसले. त्याच्या गुडघ्याखाली हात फिरवून माप घेतलं. मग त्याच्या डोळ्यांत बघून अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, एक सांगा. बोलनारा पाहिजे, का मुका?"

म्हाताऱ्यानं जंगूबाईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. प्रश्न त्याला कळला नव्हता.

"चालनारा पाहिजे जी," तो म्हणाला.

सरांनी मापाचा आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला. मग म्हणाले, "मॅडम, पिलॅस्टरची पट्टी भिजवा."